उशीतून येणारं संगीत : काइया सारिआहो

उत्तरेची_पायवाट

लहानपणी तिला रात्री अंथरुणात पडलं की संगीत ऐकू यायचं. ते कुठून येतं याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती. ते उशीतून यायचं. मग ती आईला हाक मारायची, "उशी बंद कर ना, झोप येत नाहीये." ही आठवण तिच्या आईने तिला मोठेपणी सांगितली. फिनलंडची संगीतकार काइया सारिआहो, तिच्याबद्दल काहीही लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. पुढची साठ वर्षं तिने जे केलं, ते त्या उशीतलं कागदावर उतरवण्याचंच काम होतं असं माझं मत आहे.

थोडं माझ्याबद्दल. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही एस्पोला आलो. हेलसिंकीला लागूनच आहे. पहिल्या हिवाळ्यात दुपारी तीनलाच दिवेलागण व्हायची आणि मी घरात एकटी. आवाज हवा म्हणून रेडिओ लावून ठेवायचे. एका संध्याकाळी काहीतरी लागलं ज्याला चाल नव्हती, ठेका नव्हता. बासरीत कुणीतरी नुसता श्वास सोडत होतं आणि त्या श्वासातून हळूहळू सूर तयार होत होता. हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली, करपली. ती रचना होती काइयाची 'लिश्टबोगन', १९८६ सालची. नऊ वादक आणि सोबत इलेक्ट्रॉनिक्स. नाव जर्मन आहे, अर्थ प्रकाशाची कमान. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या हिरव्या उजेडावरून तिला ती सुचली.

काइयाचा जन्म १४ ऑक्टोबर १९५२ चा, हेलसिंकीचा. माहेरचं नाव लाक्कोनेन. सारिआहो हे पहिल्या, थोडाच काळ टिकलेल्या लग्नातलं आडनाव, ते तिने कायम ठेवलं. घरात संगीताची परंपरा नव्हती. व्हायोलिन, मग पियानो, पुढे ऑर्गन असं शिकत गेली. मुलगी अतिशय बुजरी. चित्रकलेचाही ओढा होता, म्हणून काही काळ कलाशाळेत आणि विद्यापीठातही काढला. संगीत रचायचंय हे मनात होतं, पण आपली तेवढी पात्रता नाही असं तिला वाटत राहायचं.

१९७६ मध्ये ती हेलसिंकीच्या सिबेलिउस अकादमीत, संगीताच्या महाविद्यालयात, पावो हेइनिनेन यांच्याकडे गेली. त्यांचा वर्ग भरलेला होता. ही बुजरी मुलगी त्यांच्या खोलीत बसून राहिली आणि म्हणाली, घेतल्याशिवाय जाणार नाही. त्यांनी घेतलं. तिथल्याच काही शिक्षकांनी मात्र तिला शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं असं मानलं, कारण दिसायला सुंदर मुलगी, ही कशाला टिकतेय! ही गोष्ट तिने पुढे मुलाखतींमध्ये सांगितली आहे.

१९७७ मध्ये तिने आणि बरोबरीच्या मुलांनी एक मंडळ काढलं, 'कोर्वात आउकी', म्हणजे 'कान उघडा'. मंडळात कोण होतं पाहा: संगीतकार मॅग्नुस लिंडबर्ग, पुढे वाद्यवृंदाचा नामवंत संचालक झालेला एसा-पेक्का सालोनेन, संगीतकार एरो हॅमेन्निएमी. सगळे विशी-पंचविशीतले. फिनलंडमध्ये संगीत म्हटलं की सिबेलिउस हा त्यांचा जुना थोर संगीतकार, आणि सिबेलिउस म्हटलं की पुढे बोलायचं नाही, अशी हवा होती. युरोपात काय नवं चाललंय ते इथे वाजवायचं, शाळांमध्ये जाऊन ऐकवायचं, हा या पोरांचा उद्योग.

मग ती जर्मनीत फ्रायबुर्गला गेली. ब्रायन फर्नीहो आणि क्लाउस हूबर हे गुरू. तिथली शिस्त कडक. ठेका नको, ओळखीची स्वरसंगती नको, अमुक नको, तमुक नको. काइयाला ते पटलं नाही. नकारांवर उभं राहून संगीत लिहायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं. १९८० मध्ये जर्मनीतल्याच डार्मश्टाटच्या, नव्या संगीताच्या उन्हाळी शिबिरात तिने जेरार ग्रिझे आणि त्रिस्तां म्युराय या फ्रेंच मंडळींच्या रचना ऐकल्या आणि दार उघडलं. एका सुराच्या पोटात किती सूर असतात, ते मोजायचे आणि त्यातूनच रचना उभी करायची, ही त्यांची पद्धत.

१९८२ मध्ये ती पॅरिसला 'इर्काम'मध्ये आली. फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझने उभारलेली ही ध्वनिसंशोधनाची संस्था पाँपिदू कलाकेंद्राशेजारी जमिनीखाली आहे. काही महिन्यांसाठी आलेली मुलगी पॅरिसमध्ये चाळीस वर्षं राहिली. तिथेच संगीतकार-संशोधक जाँ-बातिस्त बारिएर भेटला, लग्न झालं, मुलगा अलेक्सी आणि मुलगी अलीसा झाली. संगणकावर तिने चेलोचा एकेक आवाज उलगडून पाहिला. गज तारांखालच्या घोडीजवळ नेला, दाब वाढवला की स्वच्छ सूर कसा खरखरीत विरघळत जातो ते पाहिलं. जुन्या संगीतात तणाव आणि विश्रांती स्वरसंगतीतून येते. हिने त्या जागी दुसरी जोडी ठेवली: एका टोकाला खरखर, दुसऱ्या टोकाला निर्मळ सूर. रचना या दोन टोकांमध्ये प्रवास करते. मला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात जे धरून ठेवत होतं, ते हेच होतं.

ऑपेरांबद्दल लिहायचंच आहे, पण ते प्रतिसादात लिहीन. इथे आणखी कुणी हिला ऐकलंय का?

मिरजेचा

ताई, लेख वाचून थांबलोच. हे नाव मी पहिल्यांदा ऐकतोय, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते माझ्या घरातलं आहे. आमच्याकडे तीन पिढ्या तंबोऱ्याचं काम. जवारी लागणे म्हणजे काय, तर घोडीच्या पाठीला इतका सूक्ष्म उतार द्यायचा की तार तिथे हलकेच घासत राहावी, आणि मग तारेखाली सुताचा जीव सरकवत सरकवत ती जागा शोधायची जिथे आवाज उघडतो. जीव जरा इकडे-तिकडे झाला की तीच तार मुकी. लागला की खर्जाच्या तारेतून गंधार बोलतो. कुणी छेडलेला नसतो, स्वयंभू असतो. वडील म्हणायचे, गंधार आला की आपण तंबोऱ्याला हात लावायचा नाही.

तुम्ही म्हणता ते "एका सुराच्या पोटातले सूर" हेच का?

उत्तरेची_पायवाट

दादा, अगदी हेच. खर्जाच्या तारेतला पाचवा स्वरांश, म्हणजे तिच्या पोटातल्या सुरांपैकी पाचवा, तो गंधार. ग्रिझेने १९७५ मध्ये ट्रॉम्बोनच्या एका खालच्या सुरातले असे अंश मोजून ते वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिले आणि त्यातून अख्खी रचना केली. काइयाने त्यात खरखरही घेतली. तुमच्या जीवाच्या उदाहरणात, आवाज उघडलेला असताना आणि मुका होताना, या दोन्हींच्या मधला सगळा रस्ता ती ऐकवते.

एक फरक मात्र सांगायला हवा. आपल्याकडे तंबोरा गायकासाठी आहे, तो मागे असतो. तिच्याकडे मागे-पुढे असं काही नाही. तिच्या संगीतात राग शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि शोधू नये असं मला वाटतं.

सातबारा

लेख आवडला, मेहनत दिसते. पण प्रामाणिकपणे सांगतो. तुमचं वाचून 'लिश्टबोगन' लावलं, दहा मिनिटं ऐकलं आणि बंद केलं. चाल नाही, सम नाही, कुठे पोचायचंय ते कळत नाही. भीमसेनजींचा तोडी ऐकताना मला शास्त्रातलं फारसं कळत नाही, पण समेवर आलो की अंगावर काटा येतो. इथे काटा कुठे यायचा? हे थोर का आहे ते समजून घ्यायचंय, टीका म्हणून लिहीत नाही.

कोमल_धैवत

सातबारा, तुमचा प्रश्न मलाही पडला होता, दहा वर्षांपूर्वी. मी पाश्चात्त्य संगीत शिकवते, मुलांना हा भाग शिकवताना फार अडचण येते. मला जे उपयोगी पडलं ते सांगते. सम शोधणं सोडा आणि आलाप ऐकताना जे करता ते करा. आलापातही ठेका नसतो. एका स्वरावर गवई किती वेळ थांबतो, त्यातून दुसऱ्यात कसा सरकतो, इकडे आपलं लक्ष असतं.

१९८२ ची तिची एक रचना आहे, 'व्हेर ल ब्लां', म्हणजे 'पांढऱ्याकडे'. पूर्ण संगणकावर केलेली. तीन सुरांचा एक गुच्छ पंधरा मिनिटांत दुसऱ्या तीन सुरांपर्यंत सरकत जातो. एवढंच घडतं. बदल इतका सावकाश की कुठल्याच क्षणी तुम्हाला तो पकडता येत नाही. उलट 'फेरब्लेंडुंगन' (१९८४) सुरू होताच शिखरावर असते आणि मग उतरत जाते. त्यामागची कल्पना कुंचल्याच्या एका फटकाऱ्याची आहे, सुरुवातीला रंग दाट, शेवटाकडे विरळ. तिचं चित्रकलेचं शिक्षण इथे दिसतं.

सुरुवात मात्र या दोन्हींपासून करू नका. 'सेत पापियों' घ्या, सात फुलपाखरं. एकटा चेलो, सात छोटे तुकडे. २००० मध्ये पहिल्या ऑपेराच्या तालमी चालू असताना तिने ते लिहिले, आन्सी कार्त्तुनेन या जुन्या मित्रासाठी. आणि पायवाट ताई, एरो हॅमेन्निएमीचं नाव घेतलंत म्हणून सांगते. हा माणूस पुढे कर्नाटक संगीतात आणि तमिळ कवितेत रमला, बॉम्बे जयश्रींबरोबर त्याने काम केलं आहे. 'कान उघडा' हे नाव त्याने फारच मनावर घेतलं म्हणायचं.

नाट्यवेडी

ऑपेरांची वाट बघतेय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १०० वर्षांत बाईची ऑपेरा केली नव्हती आणि मग हिची केली, एवढं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का?

उत्तरेची_पायवाट

खरं आहे, आणि शंभर नाही, ११३ वर्षं. १९०३ मध्ये एथेल स्मिथ या इंग्लिश बाईची 'डेर वाल्ड' झाली होती. त्यानंतर थेट डिसेंबर २०१६ मध्ये काइयाची 'लामूर द ल्वँ', म्हणजे 'दूरवरचं प्रेम'. वाद्यवृंदाचं संचालन सुझाना मॅल्कीचं, तीही फिनिश.

ती ऑपेरा मुळात २००० च्या ऑगस्टमध्ये साल्झबुर्गला झाली. गंमत म्हणजे काइयाला आपण ऑपेरा लिहू असं वाटतच नव्हतं. १९९२ मध्ये तिने साल्झबुर्गलाच मेस्सिआं या फ्रेंच संगीतकाराची संत फ्रान्सिसवरची ऑपेरा पाहिली. पीटर सेलर्सचं दिग्दर्शन, सालोनेनचं संचालन, गायिका डॉन अपशॉ देवदूताच्या भूमिकेत. तेव्हा तिला वाटलं की असं असेल तर मीही लिहीन. आणि लिहिली ती सेलर्ससाठी, अपशॉच्या आवाजासाठी. शब्द लेखक अमीन मालूफचे.

कथा बाराव्या शतकातल्या झोफ्रे र्‍युडेल या कवीची. ऐषआरामाला कंटाळलेला हा माणूस कधीही न पाहिलेल्या एका स्त्रीवर गाणी रचतो. समुद्रापलीकडे त्रिपोलीत खरंच अशी एक सरदारीण आहे, असं एक यात्रेकरू येऊन सांगतो. तोच यात्रेकरू पुढे तिलाही याच्याबद्दल सांगतो. कवी समुद्र ओलांडून निघतो, वाटेत आजारी पडतो आणि तिच्यापर्यंत पोचतो तो मरायलाच. रंगमंचावर तीनच पात्रं आणि गायकवृंद. घटना अशी जवळजवळ काहीच नाही. दोन माणसांमधलं पाणी आणि ते ओलांडताना होणारी घालमेल, एवढ्यावर दोन तास. मी इथे आले तेव्हा आई कोल्हापुरात होती. तो चौथा अंक, समुद्रावरचा, मला अजून एका बैठकीत ऐकता येत नाही.

बाई म्हणून होणाऱ्या उल्लेखाबद्दल: अनेक वर्षं तिला हा प्रश्नच नकोसा वाटायचा, माझ्या संगीताबद्दल विचारा म्हणायची. पुढे तिने भूमिका बदलली, कारण आपल्याला विशीत जे भोगावं लागलं तेच आजच्या मुलींना भोगावं लागतंय हे तिला दिसलं.

पांढरा_कोट

मी प्रसूतितज्ज्ञ. संगीतातलं काही कळत नाही, धागा बायकोने पाठवला. 'आद्रियाना मातेर' नावाची हिचीच ऑपेरा आहे ना? त्याबद्दल कुणी लिहिलं तर बरं. गरोदरपणी एका शरीरात दोन हृदयं धडधडतात या अनुभवातून ती सुचली असं बायको म्हणाली. मी रोज हे ऐकतो. आईचे ठोके सत्तर-ऐंशी, बाळाचे ११० ते १६० च्या दरम्यान. दोन वेगळ्या लयी एकमेकींवर चढतात. यंत्रावर बाळाचे ठोके पहिल्यांदा ऐकले की प्रत्येक बाई गप्प होते. कुणी त्यावर संगीत लिहिलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

कोमल_धैवत

डॉक्टर, बायकोने बरोबर सांगितलं. ती ऑपेरा २००६ ची, पॅरिसच्या बास्तीय ऑपेरातली. युद्ध चालू असलेला एक अनाम देश. आद्रियानावर ओळखीतलाच एक सैनिक बलात्कार करतो, ती मूल ठेवायचं ठरवते. आपल्या पोटात जे रक्त वाढतंय ते खुन्याचं निघेल की माझं, हा तिचा प्रश्न. सतरा वर्षांनी मुलगा बापासमोर बंदूक घेऊन उभा राहतो, बाप आंधळा झालेला आहे, आणि मुलाच्या हातून गोळी सुटत नाही. त्या क्षणी आईला उत्तर मिळतं. वाद्यवृंदात त्या दोन लयी आहेतच, पण तुम्ही सांगितलेत ते आकडे डोक्यात ठेवून मी उद्या पुन्हा ऐकणार आहे.

२ जून २०२३ ला काइया गेली. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता आणि सॅन फ्रान्सिस्कोत हीच ऑपेरा ठरलेली होती. संचालक सालोनेन, दिग्दर्शक सेलर्स. म्हणजे विशीतला मित्र आणि ज्याच्यामुळे ती ऑपेराकडे वळली तो, दोघंही तिथे उभे होते. त्याच ध्वनिमुद्रणाला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं.

नाट्यवेडी

आणि 'इनोसन्स'? ती तर मी पडद्यावर पाहिली आहे, म्हणून मीच लिहिते. मला इतकं हादरवलेलं नाटक दुसरं नाही, आणि मी नाटकं खूप पाहिली आहेत. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हांस या गावी पहिला प्रयोग झाला. संहिता फिनिश लेखिका सोफी ओक्सानेनची. हेलसिंकीत एक लग्न चाललंय. वाढपी म्हणून ऐनवेळी आलेल्या बाईला कळतं की नवरामुलगा म्हणजे त्या पोराचा भाऊ, ज्याने दहा वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय शाळेत गोळीबार केला. त्यात तिची मुलगी मेली. नवरीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. फिनलंडने योकेला (२००७) आणि काउहायोकी (२००८) इथले शाळा-महाविद्यालयातले गोळीबार सोसलेले आहेत, त्यामुळे हा विषय तिथे परका नाही.

पात्रं नऊ भाषांत बोलतात-गातात. वाचलेली मुलं गातच नाहीत, बोलतात, जणू त्यांचं गाणं त्या दिवशी संपलं. आणि मेलेली मुलगी मार्केता मात्र गाते. ते काम विल्मा यॅ नावाच्या गायिकेने केलं. लोकसंगीताचा आवाज, रानात गुरांना हाकारताना बायका देतात तशा उंच, मध्येच मोडणाऱ्या हाका. आई तिला बोलावत असते आणि मुलगी त्या आवाजात उत्तर देते. मला आमच्या गावची संध्याकाळ आठवली आणि पुढचं काही दिसेना.

सातबारा

नाट्यवेडी, हे वाचून मी तो भाग शोधून ऐकला. काटा आला. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, 'लिश्टबोगन' अजून जमलेलं नाही. पण हे ऐकेन पूर्ण.

उत्तरेची_पायवाट

सातबारा, मागे घेऊच नका. न जमणं खरं असेल तर ते तसंच सांगावं.

'इनोसन्स'बद्दल एक गोष्ट तेव्हा कुणाला माहीत नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये काइयाला मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं होतं, ग्लायोब्लास्टोमा. पहिला प्रयोग जुलैचा. घरच्यांनी हे ती गेल्यावर जाहीर केलं. आजारी असल्याचं जगाला सांगायचं नाही, काम करत राहायचं, हा तिचाच निर्णय. शेवटची रचना 'हश', ट्रम्पेट आणि वाद्यवृंदासाठी. ती हेलसिंकीत ऑगस्ट २०२३ मध्ये वाजली, तेव्हा ती नव्हती. ट्रम्पेटवर व्हर्नेरी पोहयोला हा जाझवाला होता, समोर संचालक मॅल्की.

आता ऑर्गन. हेलसिंकीचं मुसीक्कितालो, म्हणजे संगीतगृह, २०११ मध्ये उघडलं तेव्हा त्यात ऑर्गनच नव्हता. भिंत मोकळी ठेवलेली, पैसे नव्हते. काइयाने स्वतःचे दहा लाख युरो दिले. त्यावरून बाकीचं काम हललं. ऑस्ट्रियातल्या रीगर कंपनीने १२४ स्टॉपचा, म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या नळ्यांच्या १२४ संचांचा, ऑर्गन बांधला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो पहिल्यांदा वाजला. तिने तो ऐकला नाही. लहानपणी ऑर्गन शिकलेल्या या बाईने मोठ्या सभागृहाला तो मिळवून दिला आणि सात महिने आधी गेली.

मी त्या वसंतात तिकीट काढून गेले. नळ्या सरळ रांगेत नाहीत, काही वळून भिंतीतून बाहेर आल्यात. सगळ्यात खालचा सूर वाजला तेव्हा तो आधी कानाला कळलाच नाही. खुर्चीच्या लाकडातून पाठीला कळला. शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांनी पर्समधला चष्मा काढून हातात धरला, तो थरथरत होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. फिनिश माणूस अनोळखी माणसाकडे पाहून सहसा हसत नाही. त्या हसल्या.

पहाटपाळी

रोज वाचतो, लिहीत नाही. चाकणला कारखान्यात रात्रपाळी असते. काल सुटल्यावर बसमध्ये हेडफोन लावून 'लिश्टबोगन' लावलं. आधी वाटलं बसचाच आवाज आहे. मग कळलं की दोन्ही आहेत, आणि कुठे बस संपते आणि कुठे ते सुरू होतं ते सांगता येईना. आमच्या मशीनचा बेअरिंग जायला आला की आवाज बदलतो, ते मला दुसऱ्यांच्या आधी ऐकू येतं. सुपरवायझर विचारतो कसं कळतं. सांगता येत नाही, खरखर वाढते एवढंच. त्या बाईला हे सांगता आलं असतं असं वाटलं.

पूर्ण ऐकलं. शेवटी बासरीवाला श्वास सोडतो तिथे बस थांबली होती.

मिरजेचा

पहाटपाळी, तुमचा कान आमच्या कामाचा आहे.

पायवाट ताई, कोमल धैवत ताई, ते 'पांढऱ्याकडे' ऐकायचं तर कसं ऐकू? रविवारी दुपारी दुकान बंद असतं. तंबोरे झाकून ठेवू की उघडे? उघडे ठेवले तर तारा आपोआप बोलायला लागतात.

कोमल_धैवत

उघडे ठेवा. आणि पहिल्या मिनिटाला ऐकू येतात ते तीन सूर तंबोऱ्यावर लावून ठेवता आले तर लावा. पंधरा मिनिटांनी ती थांबली की मग तार छेडून बघा.